अदलाबदलीची किल्ली

सून आजही हसत हसत कबूल करते, की पहिल्या दिवशी तिने सासूबाईंना महाकंजूष ठरवून टाकलं होतं.

आता तिचं तरी काय चुकलं म्हणा! नव्या घरात पाऊल टाकलं आणि समोर कोण, तर एक ठेंगणी, काटक बाई, कमरेवर दोन्ही हात, आणि गळ्यात जाड दोरीला लोंबणारी ही एवढी लोखंडी किल्ली. चालल्या की ती पोटावर आपटायची. बाई आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. सून मनात म्हणाली, झालं कल्याण! साखरेचा डबासुद्धा कुलपात असणार आणि चहाला चमचा मोजून मिळणार.

मग सूनबाईंनी गुपचूप तपास सुरू केला. स्वयंपाकघर पाहिलं, तर फडताळांना दारंच नाहीत. साखर उघड्या बरणीत, तिच्यात मुंग्यांचं संमेलन. कपड्यांच्या कपाटाला कडी होती, पण ती मोडलेली. परसातल्या संडासाचं दार तर नुसतं ओढून धरावं लागायचं आणि आत बसून गाणं म्हणावं लागायचं, म्हणजे बाहेरच्याला कळावं! कुलूप म्हणून घरात शपथेला नाही. शेवटी तिने नवऱ्याला विचारलं, तर तो हसून हसून खुर्चीवरून खाली आला.

"अगं, ती घराची नाही, बेटाची आहे."

तळं त्यांच्या खिडकीतूनच दिसायचं. आणि तळ्याच्या मधोमध, लव्हाळ्यांच्या दाट पट्ट्यात बुडालेलं ते बेट. अर्धं या देशाचं आणि अर्धं पलीकडच्या देशाचं. सासू-सासरे दोघंही बेटावरच जन्मले, तिथेच वाढले, तिथेच संसार मांडला. मुलगा पाळण्यात होता तेव्हा बेटावरचे पक्षी कमी होऊ लागले, मासळी आटली, लव्हाळी पिवळी पडली. मग दोन्ही बाजूंची माणसं, दोन्हीकडचे साहेब आणि मध्ये बसलेले बिचारे दुभाषे एका शेडमध्ये जमले आणि अख्खा हिवाळा भांडले. त्यातून ठरलं ते असं: माणसांनी बेट सोडायचं आणि आपापल्या काठावर राहायला यायचं. बाहेरच्या पट्ट्यातली लव्हाळी दोघांनी पाळीपाळीने कापायची, मासे धरायची जाळी दोन्हीकडे एकाच विणीची, आणि बेटाचं पोट पक्ष्यांना. पिल्लं उडून गेली की बेट माणसांना खुलं. तेव्हा ज्याने त्याने जावं, आपल्या पडक्या भिंतीला टेकून बसावं, हवं तर रडावं. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत मात्र तिथे कुणी म्हणजे कुणी जायचं नाही. बेटाला दोन धक्के, दोन फाटकं, दोन कुलपं. सासूबाई या बाजूच्या राखणदार.

त्या बाजूचे राखणदार म्हणजे उंच, वाकलेले, टोपीवाले एक म्हातारबुवा. त्यांना सगळे 'पलीकडचे' म्हणायचे. त्यांना आणि सासूबाईंना एकमेकांची भाषा येत नसे. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचे जे काही शब्द उचलले होते, ते झाडून सगळे भांडणाचे!

दूरदूरच्या देशांतून पाहुणे यायचे हे बघायला. कुणी वाळवंटातल्या राखीव भागातलं, कुणी डोंगरातलं. त्यांच्याकडेही माणसं आणि जंगलं एकत्र नांदवायची होती ना. एकदा एका बाईने दुभाष्याकडून विचारलं, "तुमचं हे इतकी वर्षं टिकलं कसं?"

सासूबाई कापलेली लव्हाळी फणीने विंचरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगा त्यांना, भांडण बंद पडू द्यायचं नाही. माणसं गप्प बसली की काहीतरी लपवतायत म्हणून समजायचं."

पाहुणीने ते लिहून घेतलं म्हणे.

सुनेचं या सगळ्यात फार लवकर मन रमलं, आणि त्याचं कारण होते सासरे. सासऱ्यांचं हृदय थकलेलं होतं. खिडकीपाशी खाट टाकून दिली होती, तिच्यावर पडून ते दिवसभर तळ्याकडे बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायचे. सुनेने केलेला पहिला चहा पिऊन त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सूनबाई, भांडं धुतलेलं पाणी टाकून द्यायचं असतं बरं का." ती आधी रडवेली झाली, मग अशी हसली की दोघांची गट्टीच जमली. वल्हवायलाही त्यांनीच शिकवलं तिला, खाटेवरून! ती धक्क्याशी नाव गोल गोल फिरवायची आणि हे खिडकीतून ओरडायचे, "अगं, नाव आहे ती, जातं नव्हे!"

नवऱ्याचं काम लव्हाळ्याच्या चटया आणि छपराच्या पेंढ्या ट्रकमधून शहरात पोचवायचं. एकदा निघाला की बरेच दिवस तिकडेच. म्हणून घरात ही तिघंच.

बेट बंद झालं आणि सासऱ्यांची तब्येत ढासळायला लागली. डॉक्टर आले, तपासून बाहेर ओट्यावर गेले, तिथे सासूबाईंशी हळू आवाजात बोलले आणि चहा न घेताच गेले. सुनेला त्यावरूनच काय ते कळलं.

त्यानंतर सासऱ्यांचं एकच चालू झालं. सकाळी डोळे उघडले की, "उडाली का गं पिल्लं?"

"अजून अंड्यातच आहेत," सासूबाई उशी झाडत म्हणायच्या. "तुमच्यासारखीच आळशी."

"एकदा घरी जाऊन यायचंय."

"जाऊ या ना. उडाली की जाऊ."

मग दोघंही खिडकीबाहेर बघायची. पिल्लं उडेपर्यंत हे राहणार नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, अगदी त्यांनाही.

एके दिवशी सुनेने धीर केला. सासूबाई लव्हाळ्यांच्या शेडमध्ये पेंढ्या बांधत होत्या. ती म्हणाली, "आई, बाबांना एकदाच नेऊन आणू या ना. पाच मिनिटं. कुणाला काय कळणार आहे?"

"नाही."

"तुमच्याच गळ्यात तर किल्ली आहे."

"म्हणूनच नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पेंढीची गाठ अशी करकचून आवळली की दोन काड्या मोडल्या.

ती रात्र सुनेने तळमळत काढली. काय बाई आहे की दगड? नवरा डोळ्यांदेखत विझतोय आणि हिला बगळ्यांची काळजी! तिथेच तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं.

किल्ली सासूबाईंच्या गळ्यातून फक्त एका कामाला उतरायची. लव्हाळी विंचरायची ती मोठी दातेरी फणी असते ना, तिच्यात दोरी अडकते. म्हणून तेवढ्यापुरती त्या किल्ली खिळ्याला टांगायच्या. दुसऱ्या दिवशी सून शेडमध्ये चहा घेऊन गेली, कप ठेवला, आणि निघताना खिळा मोकळा करून आली. दोरी दोनदा सुटली. सासूबाईंची पाठ होती. फणी कराकरा चालू होती.

घरी आल्यावर प्रश्न पडला, बाबांना धक्क्यापर्यंत न्यायचं कसं? पेंढ्या वाहायची हातगाडी होती. तिच्यात तिने गादी घातली, गादीवर सासरे, सासऱ्यांवर दोन शाली.

"कुठे काढलीय वरात?" त्यांनी विचारलं.

"घरी," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण नुसती शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "मग हळू चालव," म्हणाले. "रस्ता बघत जाऊ दे मला."

नाव त्या दिवशी सरळ गेली, बरं का. एकदाही गोल फिरली नाही. लव्हाळ्यांच्या मधून जी अरुंद वाट जाते तिच्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंनी असा कलकलाट उठला की वल्ह्याचा आवाज ऐकू येईना. सासरे डोळे मिटून ऐकत होते. मधूनच बोट वर करायचे, कुणी ओळखीचं बोलल्यासारखं.

बेटाच्या धक्क्यावरचं फाटक आलं. सुनेने नाव बांधली, वर चढली, किल्ली कुलपात घातली. ती अर्धी आत गेली आणि अडकली. काढली, पुसली, उलटी घातली, शाप दिला, तेवढ्याने भागेना म्हणून थुंकी लावली. कुलूप ढिम्म! तिने फाटकाला धरून गदागदा हलवलं. घामाने आणि रडण्याने तिचा चेहरा असा झाला होता की बघवत नव्हता.

"पुरे गं," खालून सासरे म्हणाले. "ती नाही लागायची. ती पलीकडच्यांची किल्ली आहे."

"म्हणजे?"

"बेट बंद करायच्या दिवशी अदलाबदल होते. आपली त्यांच्याकडे, त्यांची आपल्याकडे. तळ्याच्या मधोमध दोन नावा थांबतात, चहा पितात, किल्ल्या बदलतात. तू नाही का बघितलंस काठावरून?"

तिने बघितलं होतं. तिला वाटलं होतं, म्हातारी माणसं हात मिळवतायत.

"आपल्या दाराची किल्ली आपल्याच खिशात असली की माणसाचा भरवसा नाही," सासरे म्हणाले. "त्या हिवाळ्यात हे डोकं मीच चालवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या चांगल्या."

"तुम्हाला माहीत होतं?" सून धक्क्यावरून खाली वाकली. "मग घरीच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर आणलं असतंस मला?"

ती खाली नावेत उतरली आणि त्यांच्या पायांशी बसली. फाटकाच्या गजांमधून आतली पायवाट दिसत होती, पुढे एका पडक्या भिंतीचा कोपरा. भिंतीवर काड्याकुड्यांचं घरटं आणि त्यात एक बगळी, मान ताठ करून, मालकिणीच्या थाटात.

"बघ," सासरे म्हणाले, "माझ्या घरात राहते आणि माझ्याकडेच कशी बघते."

ते हसले. मग बराच वेळ हसल्यासारखं तोंड तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. सुनेने पुसलं नाही. पुसलं असतं तर त्यांना दिसायचं थांबलं असतं.

दोघं परत आली तेव्हा सासूबाई काठावरच्या धक्क्यावर उभ्या. कमरेवर हात, गळा रिकामा. सुनेने मनाची तयारी केली की आता काही खरं नाही. पण सासूबाईंनी किल्ली घेतली, गळ्यात घातली, नवऱ्याला उचलून हातगाडीत बसवलं आणि शाल नीट खोचली. बस्स.

त्या दिवसापासून अबोला. काही सांगायचं असलं तर सासूबाई किटलीला सांगायच्या. "किटले, डॉक्टर संध्याकाळी येणार आहेत." "किटले, चादरी वाळल्यात." आणि सून मुकाट्याने चादरी आणायची. सासरे खाटेवरून म्हणायचे, "किटले, माझ्याही बाजूने दोन शब्द बोल गं." पण त्यांचा आवाज आता खिडकीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

शेवटी सुनेलाच राहवेना. शेडमध्ये जाऊन ती सासूबाईंच्या समोर उभी राहिली. "चुकलं माझं. नियम मोडायला निघाले होते. पक्ष्यांना त्रास झाला असता. हवं तर मारा, पण बोला माझ्याशी."

सासूबाईंच्या हातातली फणी थांबली.

"पक्षी गेले खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "मला का नाही नेलंस?"

"तुम्हाला?" सून म्हणाली.

"शेवटचे गेले ते घराकडे. फाटकापर्यंत का होईना, गेले. मी त्या नावेत नव्हते. ज्या घरात मी यांच्यासोबत उभी राहिले, त्याच्या दाराशी हे तुझ्याबरोबर गेले, कालच्या पोरीबरोबर. आणि मी इथे लव्हाळी विंचरतेय!" त्यांचा आवाज फाटला. "सांगितलं असतंस तर मी वल्हवलं असतं गं. कुलूप उघडणार नाही हे ठाऊक असून वल्हवलं असतं."

"पण मग तुम्ही पलीकडच्यांकडून आपली किल्ली का मागितली नाहीत? एवढी ओळख, एवढी वर्षं. त्यांनी दिली असती."

सासूबाई पेंढ्यांच्या ढिगावर बसल्या. किल्ली मुठीत धरली.

"गेल्या खेपेला बेट बंद असताना त्यांची आई अशीच पडून होती. तिलाही घरी जायचं होतं. ते नाव घेऊन आले होते, इथे, या दारात. टोपी हातात. त्यांची किल्ली माझ्या गळ्यात होती. मी म्हटलं, नाही. पिल्लं उडाली की या." त्यांनी किल्लीची दोरी बोटाला गुंडाळली. "पिल्लं उडायच्या आधी म्हातारी गेली. आता मी कोणत्या तोंडाने मागू?"

सुनेने त्यांच्या शेजारी बसून घेतलं. किटलीसुद्धा घरीच राहिली होती.

सासरे गेले ते एका सकाळी, पिल्लांचं विचारायच्या आधीच. सासूबाई उशी झाडायला गेल्या आणि उशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मुलगा शहरातून धावत आला. घर माणसांनी भरलं. सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला. कुणी नको म्हटलं तर ओरडल्या. डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग तळ्यावरून नाव आली. पलीकडचे उतरले. बातमी कशी पोचली कोण जाणे, तळ्याला कान असतात. ते वाकून आत आले, खाटेपाशी उभे राहिले, त्यांच्या भाषेत सासऱ्यांशी काहीतरी बोलले. त्या दोघांनी तरुणपणी एकाच जाळ्याची दोन टोकं ओढली होती. मग ते सासूबाईंकडे वळले आणि मूठ उघडली. तळव्यावर किल्ली होती. या बाजूच्या फाटकाची.

त्यांनी खाटेकडे बोट केलं, मग बेटाकडे. ने त्याला, असं. आत्ता. काही होत नाही.

सासूबाईंनी त्यांच्या तळव्याकडे बघितलं. आणि तिथे, भरल्या घरात, त्यांना रडू फुटलं. असं रडू सुनेने कधी ऐकलं नव्हतं, लहान मुलासारखं, श्वास कोंडणारं. रडता रडताच त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी त्यांची मूठ परत मिटवली. मान हलवली. नाही. पिल्लं अजून उडाली नाहीत. पलीकडचेही रडायला लागले. त्यांनी काय ऐकलं, कुणाची आठवण काढली, हे सांगायला तिथे दुभाषा नव्हता, आणि गरजही नव्हती.

पिल्लं त्यानंतर लवकरच उडाली. हे फार लागलं सुनेला. आकाशात पांढरे ठिपके दिसले तशी ती घरात धावत आली आणि खाटेपाशी येऊन तिला आठवलं.

बेट उघडायच्या दिवशी दोन नावा तळ्याच्या मधोमध भेटल्या, किल्ल्या आपापल्या घरी गेल्या. नेहमी मग ते आपल्या धक्क्याला आणि या आपल्या धक्क्याला, असा रिवाज. या खेपेला पलीकडचे आपल्या धक्क्याला गेलेच नाहीत. मागोमाग आले. सासूबाई वल्हवत होत्या, सून समोर बसली होती. मुलगा पुढे होता.

फाटक उघडलं. पायवाटेवर पिसं पडली होती. घर म्हणजे दीड भिंत आणि गवत. सासूबाई उंबरठ्याच्या जागी क्षणभर थांबल्या, कुणाला तरी आधी जाऊ द्यावं तशा, आणि मग आत गेल्या. कुठेच बसेनात. इकडे जा, तिकडे हात लाव, दगड उचल, ठेव. सुनेला वाटलं, आता या कोसळतात.

पलीकडच्यांनाही तसंच वाटलं असावं. ते पुढे आले, एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं, हात शेकल्यासारखे केले आणि पोटावरून हात फिरवला. म्हणजे, इथे चूल होती, इथे बसून मी तुमच्या हातचं जेवलोय.

सासूबाई वळल्या. नाक फुगलं. "तिथे? तिथे कुठली चूल? तिथे यांची खाट होती."

पलीकडच्यांनी मान हलवली. नाही नाही, चूल इथेच. आणि त्यांच्या भाषेत चार वाक्यं ऐकवली.

"हो का? मला शिकवता? माझ्या घरात?" सासूबाईंनी पलीकडच्या भाषेतले सगळे ठेवणीतले शब्द बाहेर काढले. ते काही चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. पलीकडच्यांनीही मग इकडच्या भाषेतले आपले काढले. "डोकं! दगड! म्हातारी!" सुनेने तोंडावर हात धरला. मुलगा मध्ये पडायला गेला, तर दोघांनी मिळून त्याला बाजूला ढकललं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्या समोरच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या, गवत उपटलं आणि एका शिंपल्याने माती खरवडायला लागल्या. जरा वेळ नुसती मातीच. पलीकडचे हाताची घडी घालून मिशीत हसत होते. मग काळी राख लागली, खाली भाजून लाल झालेली माती, आणि एक तडकलेला चुलीचा दगड.

सासूबाईंनी राखेने भरलेली बोटं त्यांच्या नाकासमोर नाचवली.

पलीकडच्यांनी वाकून दगड बघितला. आपल्या कोपऱ्याकडे बघितलं. परत दगड बघितला. मग टोपी काढली.

"आणि खिडकीसुद्धा तुम्ही समजता तिकडे नव्हती," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि सगळ्या चेहऱ्याला काळं फासून बसल्या.